‘हातातून सगळं निसटतं, आता माझा काय उपयोग?’

सत्तरीच्या आसपासची माणसं हे वाक्य माझ्याकडे पुन्हापुन्हा घेऊन येतात. वस्तू निसटते ही घटना. ‘माझा उपयोग संपला’ हा आपण काढलेला निष्कर्ष. माझं बरंचसं काम या दोहोंना सुटं करण्याचंच असतं.

आयुष्यभर शिवणकाम केलेल्या एक आजी आल्या. मधुमेह, मनगटात दबलेली नस, मानेचा त्रास, सगळं डॉक्टरांनी तपासलं होतं. (ते आधी व्हायलाच हवं. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तर थेट रुग्णालय गाठायचं.) ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) त्यांना पकडीचा दाब ओळखणारं उपकरण दिलं होतं. दाब वाढला की त्याचा आवाज चढतो. आजींनी ते बाजूला ठेवून दिलं होतं.

“आता यंत्रही माझ्या चुका काढणार?”

“आवाज कधी चढतो?”

“सारखाच. सुटेल म्हणून मी घट्ट धरते ना.”

“मग सैल सोडून बघू या?”

बराच वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. मग उपकरण उचललं आणि पकड जराजराशी सैल करत गेल्या. आवाज उतरत गेला, उतरत गेला. उपकरण हातातच होतं.

“म्हणजे जोर कमी नाही पडत. हात घाबरलेत माझे.”

त्यांनी अगदी नेमकं पकडलं होतं. वयानुसार बोटांच्या टोकांतले स्पर्शग्राहक कमी होतात, त्वचा कोरडी पडते. निसटण्याची खबर मेंदूला अंधूक मिळते, म्हणून तो गरजेपेक्षा जास्त जोर लावतो; आणि आवळलेल्या बोटांना बटण फिरवता येत नाही. उपकरण ती खबर आवाजातून देतं. दुसरी वाटही आहे: स्वतःला जाणवणारही नाही अशा हलक्या, अनियमित कंपनाने बोटांना पुसट स्पर्श अधिक चांगला कळतो, हे संशोधक जेम्स कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं. त्यावर आधारलेले मनगटी पट्टेही आता अभ्यासले जातात.

मात्र यंत्राला परीक्षक मानलं, की हात आणखी आवळतो. म्हणून मी सांगते, आवाजाला गुण समजू नका, ती फक्त बातमी आहे. रोज थोडाच सराव करा. आधी आवाज ऐकत, मग आवाज बंद करून बोटांकडे लक्ष देत. नाहीतर सवय यंत्राचीच लागते.

सुनेला म्हटलं, बटण लावायला धावू नका.

“पण त्यांना फार वेळ लागतो.”

“लागू दे.”

आजी आता बटणं स्वतः लावतात. सुईत दोरा अजून नात ओवून देते, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.