कॅल्गरीच्या हिवाळ्यात स्कीइंग शिकण्यासाठी स्त्रियांनी उबदार जॅकेट कसे निवडावे?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. पुण्याहून कॅल्गरीला आल्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात बॅन्फच्या बाजूला स्कीइंग शिकायचे आहे, तर सर्वांत उबदार जॅकेट कोणते, ही पहिली. आणि तेच जॅकेट रोज कामावर जाताना चालेल का, ही दुसरी. मी बरेच हिवाळे इथे काढले आहेत आणि स्कीइंगही इथेच शिकले, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: शक्य असेल तर एकाच जॅकेटवर दोन्ही भागवू नका. उणे २५ अंशांत बसथांब्यावर नुसते उभे राहायचे असते तेव्हा शरीरात फारशी ऊब तयार होत नाही, म्हणून तिथे मांड्या झाकणारा, जाड पिसांचा लांब पार्काच लागतो. स्कीइंग करताना मात्र काही मिनिटे चेअरलिफ्टवर, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या उघड्या खुर्चीवर, वाऱ्यात निश्चल बसावे लागते आणि लगेच पुढची काही मिनिटे उतारावर अंगातून घाम निघेल इतकी मेहनत होते. नवशिक्यांची तर पडून पुन्हा उठण्यात आणखीच होते. अशा वेळी अंगात पार्का असला तर आतले कपडे घामाने ओले होतात, आणि त्या ओल्या कपड्यांनिशी पुन्हा लिफ्टवर बसले की हुडहुडी भरते. म्हणून स्कीइंगसाठी सर्वांत उबदार जॅकेट शोधू नये. पुरेसे उबदार आणि अंग तापल्यावर पटकन मोकळे करता येणारे जॅकेट शोधावे.

पुरेसे म्हणजे किती, हे लेबलवरच्या आकड्यांवरून बऱ्यापैकी कळते. कृत्रिम तंतूंचे भरण असलेल्या जॅकेटवर ६०, ८०, १०० असे ग्रॅमचे आकडे असतात. ते संपूर्ण जॅकेटचे वजन नसून एका चौरस मीटर भरणाचे वजन असते. बऱ्याच जॅकेटमध्ये धडाला जास्त, बाह्यांना त्याहून कमी आणि हुडला सर्वांत कमी भरण असते, कारण हात हलवायला मोकळे लागतात. कॅल्गरीकडच्या थंडीसाठी, आत दोन थर घालणार असाल तर, धडाला ८० ते १०० ग्रॅमचे जॅकेट मला योग्य वाटते. पिसांच्या, म्हणजे डाउनच्या जॅकेटवर ६००, ७०० किंवा ८०० हा ‘फिल पॉवर’चा आकडा असतो. एक औंस पिसे फुलून किती घनइंच जागा व्यापतात, एवढेच तो सांगतो. जॅकेटमध्ये पिसे किती भरली आहेत हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे ८०० चे पातळ जॅकेट ६०० च्या भरगच्च जॅकेटपेक्षा कमी उबदार असू शकते, आणि दुकानात नेमकी इथेच गफलत होते. पिसे हलकी व अतिशय उबदार असतात, पण भिजली की चोपून बसतात आणि त्यांची ऊब जवळजवळ संपते. शिकणारी व्यक्ती दिवसभर बर्फात लोळत असते, म्हणून पहिले जॅकेट कृत्रिम भरणाचे घ्यावे. प्रायमालॉफ्ट हे असे एक भरण १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी, भिजले तरी ऊब टिकवणारा पिसांचा पर्याय म्हणून तयार झाले होते.

पाणी अडवण्याच्या आकड्यांना मात्र इथे दुकानदार देतात तेवढे महत्त्व मी देणार नाही. व्हँकुव्हरजवळच्या व्हिस्लरला समुद्रावरून येणारा ओला, जड बर्फ पडतो. तिथे २०,००० मिलिमीटरचे (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब पेलणारे) कापड आणि सगळ्या शिवणींना आतून पट्टी हे दोन्ही हवे. इथल्या रॉकी पर्वतात, बॅन्फच्या बाजूला असलेल्या लेक लुईस आणि सनशाइन व्हिलेज या स्कीइंगच्या ठिकाणांचा बर्फ कोरडा असतो, त्यामुळे १०,००० ते १५,००० मिलिमीटर पुरेसे होते आणि मुख्य शिवणींना पट्टी असली तरी भागते. इथे खरी परीक्षा वाऱ्याची आहे. हवेचे तापमान उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यानुसार उघड्या त्वचेला ते उणे ३३ सारखे भासते, आणि अशा हवेत १० ते ३० मिनिटांत त्वचा गोठू शकते. सनशाइनचा लुकआउट माउंटन २,७३० मीटर उंच आहे आणि वर आडोशाला झाड नाही. (तिथल्या एका चेअरलिफ्टच्या बैठका गरम केलेल्या असतात, पहिल्या दिवशी ती आवर्जून शोधा.) म्हणून कापड वारा अडवणारे असावे, चेनीवर आतून झाप असावी, कॉलर हनुवटीपर्यंत यावी आणि तिच्या आतल्या बाजूला मऊ अस्तर असावे.

आता मापाविषयी, कारण स्त्रियांच्या जॅकेटमध्ये सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. कमरेत घट्ट बसणारे, आरशात छान दिसणारे जॅकेट आतल्या फ्लीसला, म्हणजे मऊ, लवदार उबदार थराला, दाबते आणि दोन थरांमधली हवा नाहीशी करते; ऊब तर त्या हवेतच साठलेली असते. दुकानात जाताना मेरिनो लोकरीचा आतला थर व फ्लीस अंगात घालूनच जा, पूर्ण चेन लावा आणि दोन्ही हात डोक्यावर न्या. कंबर उघडी पडली किंवा मनगट बाहेर आले तर ते माप तुमचे नाही. मग खाली बसून वाका, कारण स्कीचे बूट घालताना हेच करायचे असते. नितंबांवर ताण येत असेल तर खालून उघडणारी दुहेरी चेन असलेले, किंवा बाजूला चेन असलेले मॉडेल पाहा. पुरुषांच्या मापाचे लहान जॅकेट घेण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर ते बहुधा खांद्यात सैल आणि नितंबांत घट्ट बसते, हे ध्यानात ठेवा. हुड हेल्मेटवरून ओढता आला पाहिजे. केस लांब असतील तर वेणी कॉलरच्या आत घेऊन मान वळवून पाहा. मंगळसूत्र किंवा साखळी त्या दिवसापुरती घरी ठेवलेली बरी. ती चेनीत अडकते.

बारीकसारीक सोयींपैकी काखेखालच्या चेनीवर मी सर्वांत जास्त भर देईन. घामाची वाफ बाहेर टाकण्याचे आकडे कितीही मोठे असले, तरी भरण असलेल्या जॅकेटमधून उष्णता झटकन बाहेर काढायला ही चेन उघडण्याइतका खात्रीचा उपाय नाही. शिवाय कॅल्गरीत चिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा सुटला की काही तासांत तापमान वीसेक अंशांनी चढू शकते. कमरेपाशी आतून लागणारा पट्टा, म्हणजे पावडर स्कर्ट, आणि अंगठ्यात अडकणारे मनगटाचे आतले कफ, हे पडल्यावर बर्फ आत शिरू देत नाहीत. डाव्या बाहीवर पास ठेवायचा लहान खिसा असला की लिफ्टपाशी हातमोजे काढावे लागत नाहीत. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते. काही जॅकेटवर रेको परावर्तकाची खूण असते. हिमस्खलनात शोध घेणाऱ्यांच्या यंत्राला तो मदत करतो, पण हिमस्खलनासाठी अंगावर बांधायच्या, स्वतः संकेत पाठवणाऱ्या ट्रान्सीव्हरची जागा घेत नाही, आणि शिकाऊ उतारांवर त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

पुण्याहून जॅकेट घेऊन येऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये इथे याच जॅकेटच्या किमती बऱ्याच उतरतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा कुणाकडून मागून किंवा भाड्याने घेऊन काम भागले तर उत्तमच. वापरलेले जॅकेट विकत घेणार असाल तर ते उलटे करून शिवणींवरच्या पट्ट्या सुटल्या आहेत का ते पाहा, कारण सुटलेल्या पट्ट्या नीट दुरुस्त करून घेणे महागात पडते. नवे घेतले तर धुण्याच्या सूचना वाचा. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क या राज्यांनी २०२५ पासून बहुतेक नव्या कपड्यांत पीएफएएस गटातील (पाणी व तेल झटकणाऱ्या, पण निसर्गात सहजी न विरघटणाऱ्या) रसायनांना मनाई केल्यामुळे कंपन्यांनी पाणी झटकणारा लेप बदलला आहे, आणि नवा लेप तेलकटपणा व मळ यांपुढे लवकर नमतो. म्हणून जॅकेट हंगामात एक-दोनदा तरी सौम्य साबणाने, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवावे आणि लेबलवर परवानगी असल्यास ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वाळवावे. त्या उष्णतेने लेप पुन्हा काम करू लागतो. तरीही पाण्याचे थेंब ओघळून न जाता कापडात मुरताना दिसले, तर लेपाचा फवारा विकत मिळतो, तो मारावा.