घर गरम ठेवायला कमी खर्चाची, कार्यक्षम यंत्रणा कोणती घ्यावी?

आधी फटी बुजवा आणि छताला इन्सुलेशन करा. उष्णता बाहेर पळत असेल तर कुठलीही यंत्रणा महागच पडते.

मग हिशोब करा: इंधनाचा प्रति युनिट (किलोवॉट-तास) दर भागिले कार्यक्षमता. इलेक्ट्रिक हीटर ऑइलचा असो की फॅनचा, 1 युनिट विजेतून 1 युनिटच उष्णता मिळते. 'कमी वीज खाणारा हीटर' ही निव्वळ जाहिरात. हीट पंप (म्हणजे उलटा चालणारा एसीच) सौम्य थंडीत 3 ते 4 युनिट देतो, कडाक्यात 2 च्या आसपास. त्यामुळे विजेचा दर गॅसच्या तिपटीपेक्षा कमी असेल तर चालवण्याच्या खर्चात तो सहसा बाजी मारतो. कंडेन्सिंग बॉयलर (गॅसने पाणी तापवताना धुरातली उष्णताही वापरणारा) कार्यक्षमतेत 90 टक्क्यांपुढे जातो, पण रेडिएटरमधून (खोली तापवणारे गरम पाण्याचे पॅनेल) परतणारं पाणी साधारण 55 अंशांखाली असेल तरच. बरेच जण बॉयलरमधून निघणारं पाणी 75-80 अंशांवर ठेवतात आणि बचत घालवतात.

क्षमता अंदाजाने ठरवू नका, खोलीनिहाय उष्णताहानी काढून घ्या. यंत्र गरजेपेक्षा मोठं असेल तर ते सारखं चालू-बंद होतं आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. पाणी तापवणाऱ्या हीट पंपाचं पाणी सहसा 35-50 अंशांचंच असल्याने जुने छोटे रेडिएटर अनेकदा बदलावे लागतात. तो खर्च आधीच धरा.

एकच खोली तासभर तापवायची असेल तर मात्र साधा हीटर पुरे.