दिंडोरी साइडच्या लहान गावात नळाला येणारं पाणी कुठून येतं, कसं शुद्ध करतात आणि आरओ न लावता पिता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नाशिक शहरातून आत्ताच गावाकडे राहायला आलात, घरात लहान मुलगी आहे आणि शेजारचे म्हणतात पाणी चांगलंय पण भरवसा वाटत नाही. मी दिंडोरी तालुक्यातल्याच एका छोट्या गावात राहते, जलजीवन मिशनमध्ये (घरोघरी नळ द्यायची सरकारी योजना) प्रत्येक गावातल्या ५ बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देतात ना, त्यातली मी एक, म्हणून सांगते.

शहरात गंगापूर आणि मुकणे धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात येतं, तिथे तुरटी नाहीतर पॅक (तुरटीसारखंच गाळ बसवणारं रसायन) टाकून गाळ बसवतात, मग वाळूचे फिल्टर, मग क्लोरीन. गावात एवढं काही नसतं. नाल्याच्या किंवा बंधाऱ्याच्या काठाला एक विहीर असते, पाणी मुरमातून झिरपत तिच्यात येतं तेच आपलं गाळणं, तिथून मोटरीने टेकाडावरच्या टाकीत (लाइट असेल तेव्हा), टाकीत टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) आणि मग व्हॉल्व्ह फिरवून एकेका वस्तीला पाळीने पाणी. म्हणजे सगळं शुद्धीकरण त्या टीसीएलवर आणि ती टाकणाऱ्या माणसावर.

हिशेब सोपा आहे, १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पण ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ टाकीत ओतायची आणि अर्धा तास तरी थांबून मग पाणी सोडायचं. घाईत कोणी कोरडीच पावडर वरून टाकली तर गुठळ्या तळाला बसतात. पिशवी उघडी राहिली, जुनी झाली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, वास येतो पण जोर नसतो.

आता खरी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आषाढात आमच्या शेवटच्या वस्तीवर चार-पाच पोरांना जुलाब लागले. टाकीपाशी ओटी टेस्ट (पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळं होतं) केली तर नळीत छान पिवळा रंग, सगळे म्हणाले पाण्यात काही नाही. मी तीच नळी घेऊन वस्तीवरच्या शेवटच्या तोटीला गेले, थेंब टाकले, पांढऱ्या कागदासमोर धरली, रंगच नाही! पाणी तसंच पाण्यासारखं. त्याच तोटीचं पाणी जंतू तपासायच्या बाटलीत भरून ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी बाटली काळीभोर, म्हणजे पाण्यात जंतू. मग शोधलं तर पाइपाचा जॉइंट गटारीखालून गेलेला आणि सुटलेला. नळ बंद असताना पाइप रिकामा होतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते, त्यात लोक तोटीलाच डायरेक्ट मोटर लावतात, ती तर आणखी जोरात ओढते. त्या पोरांचे चेहरे अजून डोळ्यासमोर येतात, म्हणून माझं एकच सांगणं, टाकीवरची टेस्ट विचारू नका, तुमच्या तोटीवरची विचारा. तिथे निदान ०.२ पीपीएम (म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन पाहिजे म्हणजे फिक्का पिवळा रंग, आणि तो थेंब टाकल्या टाकल्या बघायचा, ठेवून नाही.

आरओचं म्हणाल तर आधी ग्रामपंचायतीकडे पाण्याचा लॅब रिपोर्ट मागा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओची गरज नाही, उलट केवढं तरी पाणी वाया जातं. फक्त विहिरीच्या आजूबाजूला द्राक्षबागा असतील तर नायट्रेटचा आकडा नक्की बघा, खतं झिरपतात, तो लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे आणि नायट्रेट उकळून जात नाही, तेव्हा मात्र आरओ लागतो. घरात तान्हं बाळ असेल तर हे अजिबात टाळू नका.

बाकी पावसाळाभर पाणी गढूळ असतं आणि गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, तेव्हा फडक्याने गाळून, चांगली उकळी फुटेपर्यंत उकळून माठात भरा. नळ सुटल्यावर पहिल्या दोन बादल्या वापरायला, पिण्याचं त्यानंतर भरायचं. आणि पाणी सुटायच्या टायमाला तुमच्या गावातल्या किटवाल्या ताईंना (माझ्यासारखं पाणी तपासायचं ट्रेनिंग घेतलेल्या) घरी बोलवा, आशाताईंना विचारलं तरी नाव कळेल, पाच मिनिटांचं काम आहे, तुमच्यासमोर करून दाखवतील.