अंगठ्याला आधी कुलूप लावा

भाऊ, तुम्ही ओटीपी कुणाला देत नाही, हे चांगलंच. पण आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागतच नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर एका वेळी 10,000 रुपयांपर्यंत निघतात. म्हणून कापसाचे, केळीचे पैसे खात्यात पडण्याआधी आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याचा ठसा चालणार नाही. त्यासाठी आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. रेशन घेताना मशीनवर 330 ही चूक दिसली तर घाबरू नका, ते आपलंच कुलूप. तात्पुरतं उघडा, अंगठा द्या.

झेरॉक्सच्या दुकानात, जळगाव असो की चोपडा, मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये थेट बसणारा प्रोग्राम) व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही पाठवली, अगदी भाच्याने, तरी उघडू नका. ती मोबाइलमधले मेसेज वाचते, म्हणजे ओटीपी न सांगताही जातो. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत वाटली जाते आणि गोठवायला काही उरत नाही. तक्रार क्रमांक लिहून घ्या.