वाचकांचे प्रश्न : छोट्या राउटर टेबलावर दातेरी पोझिशनर

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी असून गेली काही वर्षे घराच्या पडवीत हौसेने सुतारकाम करतो. माझ्याकडे उचलून नेता येईल असे छोटे राउटर टेबल (फळीखाली राउटर यंत्र बसवलेले, त्याचे फिरते कापणारे बिट वर येणारे टेबल) आहे. त्याची फळी ६५ सें.मी. लांब व ४५ सें.मी. रुंद आहे. यंदा भाच्याने अमेरिकेहून येताना एक पोझिशनर आणि त्यावर बसणारा फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची उभी पट्टी, आणून दिला. पोझिशनरच्या दात्यांमुळे फेन्स १/३२ इंचाच्या टप्प्यांनी पुढेमागे सरकतो आणि दाबपट्टी आवळली की तिथेच अडकतो. मी तो टेबलाच्या मागच्या कडेवर स्क्रूंनी बसवला आहे, परंतु बैठकीचा निम्म्याहून अधिक भाग मागे अधांतरी राहतो. फेन्स टेबलाच्या खाचेला समांतर करण्यात माझे दोन रविवार गेले. इतके करूनही ६ मि.मी.च्या बिटने पेटीच्या कोपऱ्यासाठी बोटांचा सांधा पाडला, तर एका फळीची बोटे दुसरीच्या खाचांत शिरतच नाहीत. पाव इंची सांध्यासाठी सोबत आलेल्या पट्टीवरील खुणा मी काटेकोरपणे पाळल्या होत्या. बैठक हलत असल्यामुळे हे होत असावे का, आणि या टेबलावर हे साधन नीट बसवता येईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. बैठक हलते हे खरे, आणि ते दुरुस्त करावेच लागेल. पण बोटे खाचांत न शिरण्याचे कारण बैठकीत नसून बिटमध्ये आहे. बैठक कितीही भक्कम केलीत तरी हीच पट्टी आणि हेच बिट वापरल्यास सांधा बसणार नाही. म्हणून आधी बिटचे पाहू.

इन्क्रासारख्या अमेरिकी पोझिशनरचे मूळ माप, म्हणजे एका दात्याचा टप्पा, १/३२ इंच, अर्थात ०.७९४ मि.मी. आपल्याकडचे जुने सुतार एका इंचाचे आठ सूत मोजतात, त्या हिशेबाने हा टप्पा बरोबर पाव सुताचा झाला. पाव इंची सांध्याच्या पट्टीवर दोन लगतच्या खाचांमध्ये १६ दात्यांचे, म्हणजे अर्ध्या इंचाचे, अर्थात १२.७ मि.मी.चे अंतर धरलेले असते. बिट खरोखर पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी.चे असेल, तर खाच ६.३५ आणि मध्ये उरणारे बोटही ६.३५ मि.मी.चे होते. आपले बिट ६ मि.मी.चे आहे. त्यामुळे खाच ६ मि.मी.ची पडली आणि बोट ६.७ मि.मी.चे उरले. ०.७ मि.मी.ने जाड असलेले बोट हातोडीने ठोकूनही आत जाणार नाही, फार तर फळी चिरेल. आपल्या बाजारात ६ मि.मी. आणि पाव इंची ही बिटे एकाच खणात ठेवलेली आढळतात आणि दुकानदारही दोन्हींना सर्रास ‘पाव इंच’ म्हणतात, त्यामुळे खरेदी करताना व्हर्निअर कॅलिपरने बिटच्या पात्याची रुंदी स्वतः मोजावी. दांड्याच्या बाबतीतही हीच दक्षता हवी, कारण ६ मि.मी.चा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये (राउटरमध्ये दांडा पकडणाऱ्या कडीत) घट्ट पकडला जात नाही आणि फिरताना सुटून बाहेर येऊ शकतो.

आता उपाय. पाव इंची बिट आणि त्याला योग्य कॉलेट मिळाल्यास प्रश्नच मिटतो. ते मिळेपर्यंत ६ मि.मी.चेच बिट वापरायचे असेल, तर छापील पट्टी बाजूला ठेवून १६ ऐवजी दर १५ दात्यांवर एक खाच पाडावी. १५ दाते म्हणजे ११.९०६ मि.मी.; त्यातून ६ वजा केले की बोट ५.९०६ मि.मी.चे उरते. बोट आणि खाच यांच्यातली ही जेमतेम ०.१ मि.मी.ची सैल जागा छपाईच्या साध्या ८० ग्रॅमच्या कागदाच्या जाडीएवढी आहे आणि फेविकॉलला तेवढी जागा हवीच असते. एक अडचण मात्र उरते. जोडीच्या दुसऱ्या फळीवरील खाचा अर्धे अंतर सरकवून, म्हणजे साडेसात दात्यांवरून सुरू करायला हव्यात, आणि अर्धा दाता पोझिशनरला ठाऊक नाही. ८ दाते सरकवून काम सुरू करावे. दोन्ही फळ्यांवरील खाचांमधले अंतर सारखेच असल्यामुळे सांधा व्यवस्थित बसेल; फक्त फळ्यांच्या कडा एकमेकींपासून ०.४ मि.मी. पुढेमागे दिसतील. तो उंचवटा रंध्याच्या दोन हातांत निघून जातो.

बैठकीकडे वळण्यापूर्वी आपल्या त्या दोन रविवारांविषयी एक शब्द. राउटरचे बिट गोल असते, त्यामुळे फेन्स कोणत्या दिशेला तोंड करून आहे याचे त्याला सोयरसुतक नसते. बिटच्या केंद्रापासून फेन्सच्या पृष्ठभागापर्यंतचे सर्वांत जवळचे अंतर तेवढे महत्त्वाचे. फेन्स सरकण्याच्या दिशेशी तो काटकोनात नसून एक अंशाने तिरपा असला, तरी १० सें.मी. सरकल्यावर चूक पडते ०.०१५ मि.मी.ची, म्हणजे कागदाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याची. डोळ्यांना हा तिरपेपणा खुपतो, लाकडाला मात्र जाणवत नाही. टेबलाच्या खाचेतला मायटर गेज (फळी ठरावीक कोनात धरून सरकवणारे साधन) वापरून काम करणार असाल तरच समांतरपणा आवश्यक ठरतो. बोटांच्या सांध्यासाठी उभी फळी धरणारा काटकोनी ठोकळा फेन्सलाच टेकून सरकतो, तेव्हा खाचेचा संबंधच येत नाही. फेन्सचा पृष्ठभाग टेबलाशी उभ्या रेषेत ९० अंशांत आहे की नाही, हे मात्र गुण्या लावून तीन ठिकाणी अवश्य पाहावे, कारण ती चूक सांध्यात जशीच्या तशी उतरते.

बैठक अधांतरी ठेवण्याचा परिणाम असा की फेन्सच्या टोकाला अंगठ्याने दाबले तर तो लवतो, आणि फळी ढकलताना आपण नेमके तेच करत असतो. हे किती होते ते पाहण्यासाठी पोझिशनर आवळून फेन्सच्या टोकाला एक ठोकळा भिडवून टेबलावर क्लॅम्पने घट्ट करावा, मध्ये कागदाची एक पट्टी सरकवावी आणि दुसऱ्या हाताने फेन्स मागे रेटावा. कागद सुटून खाली पडला, तर दात्यांची अचूकता वाया जात आहे असे समजावे. लहान टेबलाची फळी मुळात पातळ असते. तिच्या कडेला मारलेले स्क्रू एवढ्या लांब साधनाचा भार पेलू शकत नाहीत, आणि फेन्स पूर्ण मागे नेला की टेबल मागच्या बाजूला कलंडण्याचीही शक्यता असते.

माझी सूचना अशी की पोझिशनर टेबलाला जोडूच नये. टेबल आणि पोझिशनर दोघांच्या खाली एक सामाईक पाट करावा. आठ बाय चारच्या १८ मि.मी. प्लायमधून १२२ बाय ५० सें.मी.चे दोन तुकडे काढून ते एकमेकांवर चिकटवले, की ३६ मि.मी. जाडीचा न लवणारा पाट तयार होतो. चिपळूणचा पावसाळा लक्षात घेता आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्यावा आणि कापलेल्या कडांना पॉलिशचे दोन हात द्यावेत. एमडीएफच्या वाटेला जाऊ नये. या पाटाच्या एका भागावर टेबलाचे पाय नट-बोल्ट व वायसर लावून पक्के करावेत आणि उरलेल्या भागावर टेबलाइतक्याच उंचीची प्लायची पेटी ठेवून तिच्यावर पोझिशनरची बैठक बसवावी. पोझिशनर टेबलाच्या मागे न ठेवता ६५ सें.मी. लांबीच्या बाजूने, म्हणजे अरुंद कडेकडून आणल्यास बिटपासून त्या कडेपर्यंतचे अंतर साडेबावीसऐवजी साडेबत्तीस सें.मी. मिळते आणि फेन्सला मागे सरकायला तेवढी अधिक जागा राहते. आपल्याला उभे मात्र पोझिशनरच्या समोरच्या अरुंद बाजूला राहावे लागेल, आणि टेबलाची खाच आडवी पडून निरुपयोगी होईल. वर सांगितल्याप्रमाणे तिची गरजही नाही.

पेटीच्या उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. ती कमी झाली तर फेन्स टेबलावर घासतो, आवळताना उचलला जातो आणि बसवलेले माप बदलते. जास्त झाली तर फेन्सखालच्या फटीत भुसा शिरतो. पेटी मुद्दाम अर्धा मि.मी. बुटकी करून तिच्या आणि पाटाच्या मध्ये कागद घालत जावे, आणि टेबल व फेन्स यांच्यात कागदाची एक पट्टी न अडकता सरकू लागली की थांबावे. पेटी पाटाला टी-नट आणि हाताने फिरवायच्या बोल्टने जोडल्यास टेबल हलवताना ती सुटी करता येते. परत लावताना ती केसभर इकडेतिकडे बसली तरी बिघडत नाही, कारण शून्य, म्हणजे बिट फळीच्या बरोबर मधोमध येईल अशी फेन्सची जागा, दर वेळी नव्याने धरायचेच असते.

ते शून्य धरण्याची पद्धत सोपी आहे. टाकाऊ फळीची एक कड फेन्सला टेकवून साधारण मधोमध खाच पाडावी, फळी फिरवून दुसरी कड फेन्सला लावावी आणि त्याच मापावर पुन्हा चालवावे. खाच जितकी रुंदावली असेल त्याच्या निम्म्याने फेन्स सरकवायचा; ०.४ मि.मी.ने रुंदावली तर ०.२ मि.मी., पोझिशनरच्या सूक्ष्म चक्रीने. सागाचा तेलकट भुसा दात्यांत साचला की दाबपट्टी पूर्ण बसत नाही आणि माप एकदम बदलते, म्हणून जुन्या टूथब्रशने दाते झाडत राहावेत. तेथे तेल घालू नये.

प्रश्न : माझा मॉड्युलर किचनचा छोटा कारखाना आहे. शटरच्या कडा गोल करणे आणि पाठीच्या ६ मि.मी. प्लायसाठी खोबण पाडणे एवढेच काम राउटर टेबलावर होते. मीही असा पोझिशनर घ्यावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कडा गोल करण्यासाठी नको, ते कडेला टेकून फिरणाऱ्या बेअरिंगचे बिट करते आणि फेन्स केवळ आधाराला असतो. खोबणीसाठीही सरळ लाकडी पट्टी दोन क्लॅम्पने आवळली तरी भागते. एक टोक पक्के ठेवून दुसरे टकटक करत हलवावे. बिट दोन्ही टोकांच्या मधोमध असेल, तर टोक १ मि.मी. सरकल्यावर बिटपाशी अंतर अर्धा मि.मी. बदलते, आणि एवढी सूक्ष्मता आपल्या कामाला पुरेशी आहे.

खोबण मात्र एका फटक्यात करण्याचा आग्रह धरू नका. ६ मि.मी.चा प्लाय प्रत्यक्षात बऱ्याचदा थोडा कमी भरतो, म्हणून ५ मि.मी.च्या बिटने पहिली फेरी करून दुसऱ्या फेरीत खोबण प्लायच्या मापाला रुंदावावी. दुसऱ्या फेरीसाठी फेन्स नेहमी आपल्यापासून दूर, मागे सरकवावा. तसे केल्याने बिट खोबणीच्या आपल्याकडील भिंतीला कापते आणि उजवीकडून डावीकडे ढकललेली फळी बिटच्या फिरण्याला विरोध करत पुढे जाते. फेन्स आपल्याकडे ओढून पलीकडची भिंत कापायला गेलात, तर बिट फळीला स्वतःच पुढे खेचते आणि हात तिच्या मागोमाग जातो. कारखान्यात नवी मुले काम करत असतील, तर हे त्यांना टेबल बंद असताना हाताने बिट फिरवून, आणि त्याआधी प्लग काढून, एकदा दाखवून द्यावे.