'बीभत्स' म्हणजे वाईट का?

एका मैत्रिणीने पीटर जॅक्सनच्या 'ब्रेनडेड' (१९९२) या न्यूझीलंडच्या चित्रपटाचे परीक्षण मराठीत लिहिले. चित्रपट तिला मनापासून आवडला होता. पहिलेच वाक्य तिने लिहिले, 'हा अत्यंत बीभत्स चित्रपट आहे.' वाचणाऱ्यांपैकी एकाने विचारले, मग एवढे कौतुक कशाचे? दुसरीला वाटले, चित्रपटात नग्नता असणार. आता तिचा प्रश्न असा: 'इंग्रजी परीक्षणांत या चित्रपटाला गोरी (gory, म्हणजे रक्ताने माखलेला) म्हणतात, तेही कौतुकाने. मराठीत त्याला काय म्हणायचे? बीभत्स चुकले का? आणि त्यातला बी ऱ्हस्व की दीर्घ?'

शब्द चुकलेला नाही. माझ्या मते याहून नेमका शब्द मराठीत नाही. पण ज्या जागी तो ठेवला, त्या जागी तो एकटा पडला आणि वाचकांनी त्याचा रोजचा अर्थ घेतला.

हा रोजचा अर्थ आधी पाहू. बोलण्यात आपण 'बीभत्स' कशाला म्हणतो? मिरवणुकीतल्या बीभत्स नाचाला, बीभत्स हावभावांना, भिंतीवर खरडलेल्या बीभत्स मजकुराला. यातल्या कशातही रक्ताचा थेंब नसतो. शब्द जवळजवळ अश्लीलाच्या घरी राहायला गेला आहे. याला लोकांचे अज्ञान म्हणून सोडून द्यावे असे मला वाटत नाही, कारण हे शेजारपण फार जुने आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यदोष सांगताना अश्लीलाचे तीन प्रकार केले आहेत: लाज आणणारे, जुगुप्सा आणणारे आणि अमंगल सुचवणारे. म्हणजे किळस आणणारा शब्द हासुद्धा शास्त्राने 'अश्लील'च मानला होता. आपण पुढे एवढेच केले की अश्लीलाचा अर्थ लाजेपुरता आखडून घेतला आणि बीभत्सालाही त्याच्यामागोमाग ओढून नेले.

इंग्रजी शब्दाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. 'गोर' म्हणजे आज सांडलेले, साकळलेले रक्त. पण जुन्या इंग्रजीत 'गोर' म्हणजे शेण, घाण. रक्ताचा अर्थ त्याला नंतर चिकटला. घाण आणि रक्त या दोन गोष्टी त्या एका शब्दाने पोटात घेतल्या, आणि इथेच आपल्याकडचे भरतमुनींचे नाट्यशास्त्र मदतीला येते, कारण त्याने त्या दोन वेगळ्या करून ठेवल्या आहेत.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आठ रस आहेत आणि बीभत्स त्यांपैकी एक. स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा; रंग निळा, देवता महाकाल. त्याचे प्रकार सांगताना भरताने लिहिले आहे, 'विष्ठाकृमिभिरुद्वेगी क्षोभजो रुधिरादिजः'. विष्ठा, किडे यांच्यामुळे होतो तो उद्वेगी बीभत्स. रक्त वगैरेंमुळे होतो तो क्षोभज. हा भेद कागदावरचा नाही. मराठी माणूस तो आजही रोज पाळतो, फक्त त्याला नाव देत नाही. गळू फुटून पू आलेला दिसला तर आपण म्हणतो, किळस आली. नासलेल्या भाजीत अळ्या वळवळताना दिसल्या तर शिसारी येते. पण अपघातात रस्त्यावर सांडलेले रक्त पाहिल्यावर 'मला किळस आली' असे कोणी म्हणत नाही. तिथे भोवळ येते, पोटात कालवते, हातपाय गार पडतात. किळस हा उद्वेगीचा शब्द आहे. क्षोभात माणूस आतून ढवळून निघतो.

आता 'ब्रेनडेड' या भेदाच्या उजेडात पाहा. गोष्ट १९५७ सालच्या वेलिंग्टनमध्ये घडते. लायनेल नावाचा भिडस्त तरुण आणि त्याला मुठीत ठेवणारी आई. मुलाच्या प्रेमप्रकरणावर पाळत ठेवायला ती प्राणिसंग्रहालयात जाते, तिथे सुमात्राहून आणलेले एक उंदीरमाकड तिला चावते आणि तिचे शरीर जिवंतपणी सडू लागते. घरी पाहुणे जेवायला येतात तो प्रसंग आठवा. आईच्या जखमेतली चिळकांडी पाहुण्याच्या कस्टर्डमध्ये उडते आणि तो ते चाटूनपुसून खातो. मग आईचा कान गळून तिच्याच वाडग्यात पडतो आणि ती तो खाते. हा शुद्ध उद्वेगी बीभत्स. शेवटी घरभर पसरलेल्या जिवंत प्रेतांसमोर लायनेल गवत कापायचे यंत्र छातीशी धरून उभा राहतो आणि पुढे चालू लागतो, तो क्षोभज. या एका शेवटासाठी तीनशे लिटर कृत्रिम रक्त लागले, असा आकडा या चित्रपटाबद्दल नेहमी दिला जातो. म्हणजे दिग्दर्शक आधी किळस आणतो, मग रक्तात बुडवतो. एकट्या 'रक्तरंजित' या शब्दात यातला अर्धाच भाग मावला असता.

पण हसू येते ते कशाने? मला या प्रश्नात सर्वांत जास्त रस आहे, आणि चित्रपटाच्या परीक्षणाची खरी गुरुकिल्लीही इथेच आहे.

भरताने म्हटले आहे की बीभत्सातून भयानक उपजतो, 'बीभत्साच्च भयानकः'. रक्त, मांस, प्रेत दिसले की भीती मागोमाग येते. साध्या भयपटाचे सगळे गणित यावर चालते. 'ब्रेनडेड'मध्ये मात्र भीती येतच नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांना विचारा, कोणी घाबरलेले नसते. बीभत्स भयानकाकडे जायचा सोडून हास्याकडे वळतो. हे कसे चालते? विश्वनाथ या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'साहित्यदर्पणा'त कोणत्या रसाचे कोणाशी पटत नाही याची यादी दिली आहे. त्यात हास्याचे भयानकाशी आणि करुणाशी वैर आहे, पण बीभत्साचे वैर आहे ते एकट्या शृंगाराशी. हास्य आणि बीभत्स यांच्यामध्ये भिंत नाही! शास्त्रकारांनी हे अर्थातच काव्यनाटकांसाठी लिहिले, पण वेलिंग्टनच्या एका घरात, सहा-सात शतकांनंतर, ते अक्षरशः खरे ठरते. हसू आले की भीती निघून जाते; किळस मात्र जागची हलत नाही, हसणाऱ्याच्या शेजारीच बसून राहते.

हास्याची कारणे देताना भरताने विकृत वेष, बडबड, व्यंग दिसणे यांचा उल्लेख केला आहे. नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त त्याच्या पुढे जाऊन म्हणतो की अनौचित्य हेच हास्याचे कारण, आणि म्हणून करुणासारखे रससुद्धा आपल्या जागेवरून सरकले, त्यांचा नुसता आभास उरला, की हास्य होतात. कान गळून पडणे ही करुण किंवा भयानक घटना. पण ती सभ्य जेवणाच्या टेबलावर घडते, तरी शिष्टाचार सांभाळायची धडपड चालूच राहते, आणि करुणाचा आभास होऊन हसू फुटते. विनोद रक्तात नाही, रक्त आणि शिष्टाचार यांच्या विजोड जोडीत आहे. १९५७ साल आणि इस्त्रीच्या कपड्यांतली सभ्य वस्ती दिग्दर्शकाने उगाच निवडलेली नाही.

समीक्षकांनी या चित्रपटाचे काय केले, ते आता नीट समजते. फ्रान्समधल्या आव्होरियाझच्या चित्रपट महोत्सवात १९९३ साली त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ब्रिटनच्या चित्रपट प्रमाणन मंडळाने कात्री न लावता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. अमेरिकेत 'ब्रेन डेड' नावाचा दुसरा चित्रपट आधीच येऊन गेला असल्याने हा 'डेड अलाइव्ह' या नावाने लागला, आणि तिथे ९७ मिनिटांच्या आवृत्तीबरोबर ८५ मिनिटांची, रक्त गाळलेली आवृत्तीही निघाली. ही छोटी आवृत्ती मला मुळातच चुकीची वाटते. इथला विनोद प्रमाणात आहे. यंत्र एकदा फिरले तर ती हिंसा. ते थांबतच नाही, फिरतच राहते, तेव्हा कुठे ते प्रहसन होते. बीभत्स कमी केला तर चित्रपट सौम्य होत नाही, फक्त कमी विनोदी आणि जास्त क्रूर होतो. ज्यांनी कौतुक केले ते अतिरेकाचेच केले, आणि ज्यांनी नाके मुरडली त्यांनीही त्याच अतिरेकाकडे बोट दाखवले. दोन्ही बाजूंच्या तोंडी विशेषण एकच. जॅक्सनच्या पहिल्या चित्रपटाचे (१९८७) नावच 'बॅड टेस्ट', म्हणजे हीन अभिरुची. टीकाकार जे म्हणणार ते त्याने आधीच पाटीवर लिहून ठेवले. त्याच दिग्दर्शकाला २००४ साली 'द रिटर्न ऑफ द किंग'साठी ऑस्कर मिळाले, तेव्हा कित्येकांनी 'ब्रेनडेड' पुन्हा काढून पाहिला.

या जातीच्या चित्रपटांसाठी इंग्रजीत 'स्प्लॅटस्टिक' असा जोडशब्द चालतो. रक्त उडवणारा 'स्प्लॅटर' आणि धडपडण्याचा विनोद करणारी 'स्लॅपस्टिक', या दोघांचे लग्न. हा शब्द चांगला आहे, कारण तो निर्णय देत नाही, फक्त जात सांगतो. आपल्याला नेमकी हीच सोय हवी आहे.

मराठीत आपण सरसकट 'हॉरर कॉमेडी' म्हणतो आणि त्यात सगळे एका पोत्यात भरतो. 'झपाटलेला' (१९९३) आणि 'झोंबिवली' (२०२२) दोन्ही हॉरर कॉमेडी, पण तात्या विंचूचा बाहुला आणि डोंबिवलीत मोकाट सुटलेले झोंबी यांची भीती एका जातीची नाही. पहिल्यात भयानक आणि हास्य यांची झटापट आहे. दुसऱ्यात चावे आणि रक्त आले, म्हणजे बीभत्साने पाय ठेवला. भय आणि हास्य यांची जोडी आपल्याला नवी नाहीच. कोकणातल्या दशावतारात काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर आधी पोरांना घाबरवतो आणि मग भटजीशी असा काही वाद घालतो की सगळे हसून लोळतात. पण संकासुर किळसवाणा नाही. 'ब्रेनडेड'ला 'भयविनोदी' म्हटले तर तो संकासुराच्या पंगतीत बसतो, आणि ती त्याची जागा नव्हे.

'बीभत्स'ला पर्याय म्हणून सुचतील असे शब्द मी तपासून पाहिले. 'रक्तरंजित' वर्तमानपत्रांनी क्रांत्या, सत्तांतरे आणि खुनांसाठी इतका वापरला आहे की त्यात गांभीर्य मुरले आहे; विनोद त्याच्या जवळ फिरकत नाही. 'रक्तबंबाळ' उलट हसण्याला जागा देतो, बोलीतला आहे, 'बंबाळ'च्या नादातच सांडण्याचा आवाज आहे, पण तो जखमी माणसाचा शब्द, प्रसंगासाठी उत्तम, चित्रपटाच्या जातीसाठी तोकडा. 'हिडीस' आणि 'ओंगळ' यांच्यात बोलणाऱ्याची नापसंती ठासून भरलेली असते, तेव्हा ते खरोखर न आवडलेल्या चित्रपटासाठी राखून ठेवावेत. 'किळसवाणा' निर्मळ आणि प्रामाणिक आहे. पाहुण्यांच्या जेवणाच्या प्रसंगाला मी तोच वापरीन. आणि 'बीभत्स'च्या जोडीला दुसरे पद म्हणून 'विनोदी'पेक्षा 'प्रहसन' घ्यावे, कारण धावपळ, आपटाआपटी, अतिशयोक्ती हे सगळे प्रहसनात आधीच आहे. 'बीभत्स प्रहसन'. संस्कृत रंगभूमीने दिलेले दोन शब्द आणि दोन्ही आपल्या जागी बसलेले.

राहिला 'बी'. दीर्घच. 'बिभत्स' आणि 'विभत्स' दोन्ही दिसतात, दोन्ही अशुद्ध. कारण पाणिनीने सांगून ठेवले आहे. 'मान्बधदान्शान्भ्यो दीर्घश्चाभ्यासस्य' या सूत्रानुसार बध् धातूला सन् प्रत्यय लागून 'बीभत्सते' हे रूप होते आणि दुप्पट झालेल्या अक्षरातला स्वर दीर्घ होतो. त्याच सूत्राने मान् धातूपासून 'मीमांसा' होते. एकाच सूत्रातून जन्मलेली ही भावंडे: एकीत विचार करण्याची ओढ, दुसऱ्यात अंग चोरण्याची. 'मीमांसा'चा मी आणि 'बीभत्स'चा बी एकत्र लक्षात ठेवा, चूक होणार नाही. आणि हा शब्द मुळात शिवी नव्हता याची आणखी एक साक्ष विराटपर्वात आहे. अर्जुन उत्तर या राजपुत्राला आपली नावे सांगतो तेव्हा म्हणतो, युद्ध करताना मी कधी बीभत्स कर्म करीत नाही, म्हणून मला 'बीभत्सु' म्हणतात. जो किळस ओळखतो, तिच्यापासून स्वतःला मागे खेचतो, तो बीभत्सु. शब्दाच्या मुळाशी ओंगळपणा नाही, तो ओळखणारी संवेदना आहे.

म्हणून मैत्रिणीला सांगेन: शब्द बदलू नका, वाक्य बदला. 'अत्यंत' काढा, कारण 'अत्यंत बीभत्स' म्हटले की ऐकणाऱ्याला तक्रार ऐकू येते. 'बीभत्स' विशेषण म्हणून न वापरता रस म्हणून वापरा, आणि त्याच्या शेजारी हास्य लगेच, त्याच वाक्यात आणा. मी असे लिहीन: 'ब्रेनडेड हे बीभत्स रसातले प्रहसन आहे. पाहुण्यांच्या जेवणावेळी किळस येते, शेवटी रक्ताचे पाट वाहतात, आणि या दोन्ही वेळी आपण पोट धरून हसत असतो.'