मैदान-प्रश्न : जेजे ओकोचा

प्रश्न : नायजेरियाच्या ओकोचाला आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू हा आफ्रिकी महासंघाचा किताब कधीच मिळाला नाही. तरी आमच्या तालमीतले जुने खेळाडू त्याचंच नाव घेतात, ते का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : १९९८ साली तो मोरोक्कोच्या मुस्तफा हाजीमागे दुसरा राहिला. पण पदकं त्याच्याकडे आहेत : १९९४चा आफ्रिका चषक आणि १९९६चं अटलांटा ऑलिंपिक सुवर्ण. तिथे उपांत्य सामन्यात ब्राझील ४-३ आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिना ३-२ असे हरले.

जुने खेळाडू आठवतात तो मात्र १९९३मधला गोल. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट क्लबकडून कार्ल्सरुहे क्लबविरुद्ध तो बदली म्हणून उतरला होता. समोर गोलरक्षक ऑलिव्हर कान. ओकोचानं फटका मारायची हूल दिली, गोलरक्षक पडला. चेंडू बाजूला ओढला, बचावपटू धावून आले. पुन्हा हूल, पुन्हा दिशा बदलली, आणि मगच जाळं. जर्मनीत तो वर्षातला सर्वोत्तम गोल ठरला. यातलं खरं कसब पायापेक्षा थांबण्यात आहे. समोरच्याचं वजन एका पायावर गेल्याशिवाय त्याने चेंडू हलवलाच नाही. आपली पोरं हूल देतात, पण बचावपटू फसायच्या आधीच निघतात, म्हणून चेंडू जातो.

२००२मध्ये पॅरिसचा क्लब सोडून तो इंग्लंडमधल्या बोल्टन क्लबला आला. एप्रिल २००३मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध जवळपास अर्ध्या मैदानातून चेंडू नेऊन त्याने सामन्यातला एकमेव गोल केला. त्या हंगामात बोल्टन वरच्या श्रेणीत टिकलं, वेस्ट हॅम खालच्या श्रेणीत गेलं. छोट्या क्लबला वाचवणारा खेळाडू पेठेतल्या माणसाला लगेच आपला वाटतो, आणि तसा वाटावाच.

प्रश्न : आर्सेनलच्या रे पार्लरच्या डोक्यावरून ओकोचानं टाचेनं चेंडू उडवला, तो रेनबो फ्लिक कसा शिकायचा?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी थांबलेल्या चेंडूवर करा. एक पाय चेंडूच्या पुढे, टाच चेंडूला टेकलेली. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडू पुढच्या पायाच्या पोटरीकडे चढवा. तो टाचेच्या वर आला की मागचा पाय जमिनीवर टेकवा, कमरेतून पुढे झुका आणि पुढच्या पायाची टाच झटक्यात वर मारा.

चेंडू मागेच पडत असेल, तर तुम्ही ताठ उभे आहात. बाजूला जात असेल, तर तो टाचेच्या मधोमध चढत नाही. नुसताच घसरत असेल, तर टाच लवकर मारली जाते. ओला चेंडू पोटरीवर धरत नाही, तेव्हा पावसाळ्यात सराव कोरड्या चेंडूने घ्या. जमलं की हळू पुढे जाणाऱ्या चेंडूवर करा.

सामन्यात बचावपटू अगदी अंगाला भिडलेला असेल आणि त्याच्या पाठीमागे मोकळी जागा असेल, तेव्हाच वापरा. तो दोन-तीन पावलं लांब असेल तर मागे सरून चेंडू छातीवर घेईल. आपल्या गोलजवळ तर करूच नका.